मोकळा गुरुवार

बार्नी स्केली पायांत सपाता घालून दारातून बाहेर आला, तेव्हाच लिंडसेला कळलं, की आज काहीतरी वेगळं आहे. चौदा महिने, दर दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सव्वाआठला लिंडसे ट्रँटर आपली गाडी बार्नीच्या फाटकाशी लावत आला होता. आणि चौदा महिने बार्नी जाड बूट, लोकरी हातमोजे, कानटोपी, गळ्याला मफलर अशा जामानिम्यानिशी पायऱ्या उतरत आला होता. ऐन उन्हाळ्यात, फेब्रुवारीच्या उन्हातसुद्धा, कारण केमोच्या औषधानं त्याला गारवा टोचायचा, सुयांसारखा. आज हातमोजे नव्हते. हॉस्पिटलची पिशवीही नव्हती. तो सावकाश गाडीपाशी आला, खिडकीवर कोपर टेकून वाकला आणि उद्या दूध नको म्हणून सांगावं तशा सुरात म्हणाला,

"आज नको, लिन. म्हणजे पुढेही नकोच. मी थांबलोय."

इंजिन चालूच होतं. लिंडसेला सुचलं ते एवढंच, की फोन तरी करायचास. त्यावर बार्नी म्हणाला की काल तीनदा फोन हातात घेतला, पण तू काय काय बोलशील ते नंबर लावायच्या आधीच ऐकू यायला लागलं, म्हणून ठेवून दिला. मग त्यानं गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली, घोड्याला जा म्हणावं तशी, आणि सपाता घासत घरात निघून गेला.

लिंडसे आपल्या घरी परतला नाही, आणि बार्नीच्या मागोमाग आतही गेला नाही. नंतर त्यानं स्वतःला कितीदा तरी विचारलं, की त्या सकाळी मी असा वेड्यासारखा का वागलो. पण त्या वेळी त्यात वेडेपणा असा काही वाटलाच नव्हता. गाडी कोपऱ्यावरून वळली, चढ चढली, पुलाच्या रस्त्याला लागली, आणि तो रिकाम्या शेजारच्या सीटसकट हॉस्पिटलकडे निघाला. पुलाशी वाहनं थांबवली होती. खालून मोठं जहाज जायचं होतं. असं जहाज जाताना, ते खांबाला धडकलं तर म्हणून, पुलावर कुणाला सोडत नाहीत. एरवी अशा वेळी बार्नी जहाजाच्या बांधणीवर बोलायचा, लोखंडाच्या डब्याला जहाज म्हणणाऱ्यांना नावं ठेवायचा. आज जहाज नुसतंच गेलं, करडं, लांबलचक, माणूस नसलेलं. लिंडसे सुकाणू धरून बसला आणि त्याला ऐंशी साल आठवलं. तेव्हा तो सरकारी मोजणी खात्यात नवा होता. बेलरीव्ह वस्तीत, नदीच्या काठावर, एका नाव बांधणाऱ्याची शेड शेजाऱ्याच्या हद्दीत गेलीय अशी तक्रार होती. त्यानं दिवसभर मोजलं, आणि शेड खरंच दोन फूट शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेली निघाली. ते सांगितल्यावर तो दांडगा लालभडक केसांचा माणूस भडकेल, अंगावर येईल, असं त्याला वाटलं होतं. माणूस भडकलाही. म्हणाला, तुझा नकाशा चुकलाय, तुझा आजोबा दारू पिऊन मोजत असणार. पण तीन आठवड्यांनी त्याचाच खात्यात फोन आला. बार्नीनं एकट्यानं सबंध भिंत उतरवून दोन फूट मागे घेतली होती आणि आता त्याला ती पुन्हा मोजून हवी होती. "इंचभर जरी चुकली असेल," तो म्हणाला होता, "तर बिअर माझ्याकडून." चुकली नव्हती, तरी बिअर त्यानंच पाजली. तिथून हे सगळं सुरू झालं. लिंडसेला तेव्हाच कळायला हवं होतं, की हा माणूस आधी आरडाओरडा करतो आणि मग एकट्यानंच ठरवून टाकतो.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये चौथ्या मजल्यावर खांबाशेजारची नेहमीची जागा रिकामी होती. त्यानं गाडी लावली, लिफ्टनं खाली आला, हिरव्या दाराच्या त्या वॉर्डात नेहमीच्या खुर्चीवर बसला. समोर एक बाई हाताला नळी लावून शब्दकोडं सोडवत होती. सालोते नावाची नर्स, जिच्या आईच्या टोंगा बेटांवरच्या गोष्टी ऐकत बार्नीचे तीन तास जायचे, ती त्याला पाहून थबकली. बार्नी कुठाय असं तिनं विचारलं नाही, आणि न विचारण्यातच लिंडसेला सगळं समजलं. बार्नीनं इथे आधीच कळवलं होतं. म्हणजे नर्सला माहीत, डॉक्टरला माहीत, कदाचित शब्दकोड्याच्या बाईलाही माहीत. सालोतेनं त्याला दूध घातलेला चहा आणून दिला आणि जाता जाता खांद्यावर हात ठेवला. तो हात जड आणि उबदार होता. लिंडसे त्या खुर्चीत चाळीस मिनिटं बसून राहिला.

तो रागावला होता. निदान त्यानं तसं स्वतःला सांगितलं. चौदा महिन्यांत त्यानं एक फाईल तयार केली होती. रक्ताच्या तपासण्या, औषधांच्या वेळा, कोणत्या दिवशी उलट्या, कोणत्या दिवशी तोंड आलं. आकडे तो ओळीनं मांडायचा आणि त्यांच्यावरून रेघ काढायचा, टेकडीचा चढउतार काढावा तशी. रेघ वर गेली की तोच डॉक्टरला विचारायचा, बार्नी खिडकीबाहेर बघत बसायचा. बार्नीच्या घरी सूप तो न्यायचा, चादरी तो बदलायचा. वर्षभर लोक त्याला विचारत होते, बार्नी कसा आहे. लिंडसे, तू कसा आहेस, असं विचारायची वेळ त्यानं कुणावर आणली नव्हती. आणि आता फाईल मांडीवर नव्हती, सूप घरी फ्रिजमध्ये होतं, आणि पुढच्या सगळ्या गुरुवारांचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. चहा गार झाला. त्या गार चहाकडे बघता बघता त्याच्या मनात खालून काहीतरी वर आलं. बार्नी खिडकीत वाकून 'मी थांबलोय' म्हणाला त्या क्षणी, राग यायच्या आधी, फोनचं ते वाक्य सुचायच्याही आधी, त्याच्या छातीतलं काहीतरी सैल झालं होतं. खांद्यावरचं ओझं कुणी मागून अलगद उचलून घ्यावं तसं. सुटलो, असं त्याला वाटलं होतं. पुरता एक श्वासभर. मित्र मरणार हे ऐकून सुटलो वाटणारा माणूस कोणत्या जातीचा असतो, हा विचार मनात येताच तो ताडकन उठला. पार्किंगचं यंत्र कार्ड घेईना तेव्हा त्यानं त्याच्यावर एक बुक्की मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी टेसचा फोन आला. टेस बार्नीची एकुलती मुलगी. ब्रिस्बेनला शाळेत शिकवायची, आणि चाळिशी उलटली तरी लिंडसेला अजून 'लिन अंकल'च म्हणायची. बापानं तिलाही सकाळीच कळवलं होतं, दोन ओळींचा निरोप टाकून. ती रडत नव्हती, पण मधूनमधून शब्द गिळत होती. म्हणाली, डॅड माझं ऐकत नाही, आईचंही ती असेपर्यंत ऐकलं नाही. तो जर कुणाचं ऐकत असेल तर तुमचं. "त्याला सांगा ना, अंकल. फक्त पुढचे चार डोस. तुम्ही सांगितलंत तर तो जाईल." आणि लिंडसे हो म्हणाला. वचन देऊन टाकलं. फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटलं. हातात पुन्हा काम आलं होतं.

त्यानं तीन दिवस तयारी केली. कागदावर मुद्दे काढले. रविवारी जेवणानंतर तो गेला तेव्हा घर उघडंच होतं आणि बार्नी मागच्या शेडमध्ये होता. लिंडसे दारातच उभा राहिला, कारण आत बार्नी काहीतरी विचित्र करत होता. सुताराच्या लाकडी घोड्यांवर ह्यूऑन पाइनची, नावेच्या लाकडाची, एक लांब फळी आडवी ठेवली होती, आणि बार्नी तिच्यावर वाकून, डोळे मिटून, आपला गाल तिच्यावरून हळूहळू पुढे नेत होता. फळीला मधासारखा वास होता, सगळ्या शेडभर. एका जागी तो थांबला, गाल मागे नेला, पुन्हा पुढे आणला, आणि तिथे पेन्सिलीनं खूण केली. मग त्याला दारातली सावली दिसली.

"बोटांना काही कळत नाही," तो म्हणाला. "गालाला अजून कळतं. दाढी करून आलो की झालं."

लिंडसेनं त्याची बोटं पाहिली. चौदा महिने तो त्या बोटांबद्दल फाईलमध्ये 'बधिरता, मध्यम' असं लिहीत आला होता. शर्टाची बटणं लागत नाहीत, हातातून कप पडतो, हेही लिहिलं होतं. पण पन्नास वर्षं ज्या माणसानं लाकडाचा केसभर उंचवटा बोटानं हेरला, त्याच्या दृष्टीनं बधिरता मध्यम म्हणजे काय, हे त्यानं कुठेच लिहिलं नव्हतं. तरी खिशात कागद होता, आणि टेसला दिलेलं वचन होतं. तो स्टुलावर बसला आणि बोलू लागला. चांगला बोलला. चार डोस, मग परत एकदा फोटो, मग ठरवू. यकृतातल्या गाठी दोन महिने वाढलेल्या नाहीत. टेसचा विचार कर. बार्नी ऐकत होता, पेन्सिल कानावर खोवून. मध्ये एकदाच म्हणाला, बरोबर आहे. आणि मग लिंडसेच्या तोंडून निघालं, "हे एवढं होऊ दे, मग घरीच तर राहायचंय."

वाक्य नवीन नव्हतं. शब्द न् शब्द तोच होता. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खोलीत, पडद्यामागे, पलंगाच्या कडेला बसून तो हेच बोलला होता. जूडिथनं, त्याच्या बायकोनं, त्याची बाही धरली होती, मनगट नाही, नुसती बाही. ती म्हणाली होती, लिन, मला घरी ने. डॉक्टर दुसरं ऑपरेशन करायचं म्हणत होते. होईल किंवा नाही होणार, पण करून बघू. तिनं ते ऐकलं होतं, आणि ऐकून झाल्यावर त्याची बाही धरली होती. आणि त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं, आणि ती दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा हे वाक्य बोलला, आणि तिनं बाही सोडली, आणि तिच्या हातात सहीसाठी पेन दिलं गेलं. त्यानंतर एकोणीस दिवस. तोंडात नळी होती, म्हणून ती तिसऱ्यांदा म्हणू शकली नाही. दफनाला आलेले सगळे त्याचा हात हातात घेऊन सांगत होते, तू सगळं केलंस, लिंडसे, काही म्हणता काही बाकी ठेवलं नाहीस. आणि तो मान हलवत होता, आणि त्याला एकच जाणवत होतं, बाहीवरची ती सुरकुती.

हे त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या रविवारी ते त्यानं शेडमध्ये, खाली पडलेल्या भुशाकडे बघत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. सांगताना आवाज एकसारखा राहिला, सरकारी अहवाल वाचावा तसा. त्याचीच त्याला किळस आली. बाहेर कुणाच्या तरी बोटीची दोरी डोलकाठीवर वाजत होती. बार्नीनं दुसरं स्टूल ओढलं आणि समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"मला वाटायचं तू माझ्यासाठी येतोस," तो म्हणाला.

"तुझ्यासाठीच येतो."

"निम्मा माझ्यासाठी. निम्मा तिच्यासाठी." बार्नीनं कानावरची पेन्सिल काढली. "असू दे, लेका. मला निम्माही पुरतो. पण तिला जे द्यायचं राहिलं ना, ते मला देऊन टाक. मला घरी राहू दे."

लिंडसेनं होकाराची मान हलवली. मग तो रडला. वाईट रडला, नाक गळेपर्यंत, आणि बार्नीनं त्याला भुशानं माखलेलं फडकं दिलं. त्यामुळे शिंका सुरू झाल्या. दोघं हसले, आणि त्यानंतर त्यांनी ती फळी उलटी करून दुसरी बाजू वर घेतली.

टेसला फोन करायला त्याला दोन दिवस लागले. मी त्याला समजावणार नाही, असं त्यानं सांगितलं. ती थंड आवाजात म्हणाली, तुम्हीही दमलात तर. त्यानं नाकारलं नाही. दमलो होतो हे खरं आहे, म्हणाला, पण कारण ते नाही. ती त्याच आठवड्यात विमानानं आली, आणि डॉक्टरकडे तिघं गेले. डॉक्टर अँस्टी टेसच्याच वयाच्या असतील. त्यांनी बार्नीला विचारलं, काही विचारायचंय का. बार्नीनं विचारलं, मी नाही म्हटलं तर तुम्हाला राग येईल का. डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाल्या, नाही. म्हणाल्या, औषधानं अजून काही महिने मिळतीलही, तीन किंवा चार, आणि त्यातले निम्मे दिवस तुम्ही या इमारतीत असाल. औषधाशिवाय किती, ते मला सांगता येणार नाही. शरद नक्की. हिवाळा बहुतेक. दुखू नये म्हणून जे जे करता येतं ते आम्ही घरी येऊन करू, आणि ते थांबवणं नव्हे, तेही कामच आहे. टेस बापाकडे बघत नव्हती. तिनं लिंडसेकडे पाहिलं. त्या नजरेत अजूनही मागणं होतं, शेवटचं. लिंडसेला वाटलं, आत्ता आपण काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं.

"तो थांबलाय, टेस," तो म्हणाला. "आपणही थांबू या."

ती उठून खिडकीशी गेली, पाठ करून उभी राहिली. मग परत आली आणि बापाच्या खुर्चीच्या हातावर बसली, लहानपणी बसायची तशी. बार्नीनं तिच्या गुडघ्यावर थापटलं आणि तिला सांगितलं की तिचे बूट भयंकर आहेत.

मग मार्चमध्ये शरद आला, आणि तो शरद लिंडसेला पुढे सगळ्यात जास्त आठवत राहिला. विष अंगातून उतरत गेलं तसा बार्नी जागा होत गेला. आधी नाक जागं झालं. टोस्टचा वास येतोय, असं त्यानं एका सकाळी फोन करून कळवलं. मग जीभ. मार्चअखेर एका संध्याकाळी त्यानं फ्रिजमधून बिअर काढली, थंडगार, बाटलीवर दव धरलेलं, आणि दोन बोटांनी धरून डोळ्यांसमोर नेली. वर्षभर गार पाण्याच्या घोटानंही त्याचा गळा आवळून यायचा. त्यानं एक घोट घेतला आणि वाट पाहिली. काही झालं नाही. "अरे," तो म्हणाला. नुसतंच. मग अख्खी बाटली उभ्या उभ्या पिऊन टाकली. लिंडसे शेजारी उभा होता. त्याला पुन्हा ते वाटलं, छातीतलं सैल होणं, आणि या वेळी त्यानं ते झटकलं नाही. दुःखाच्या पोटात सुटका असू शकते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकाच श्वासात दोन्ही राहतात, एकमेकांना ढकलत नाहीत. बोटं मात्र पुरती परत आली नाहीत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट थोडं आलं. बार्नी म्हणायचा, दोघं घरी आले, बाकीचे अजून दारूच्या गुत्त्यात आहेत.

लिंडसेनं फाईल बंद केली. जाळलीबिळली नाही, कपाटात ठेवली. तो अजूनही जायचा, पण आता कधीही, मंगळवारी, शनिवारी, मनात येईल तेव्हा. कधी दोन दिवस जायचाही नाही, आणि बार्नी विचारायचाही नाही. ते फार कामाचं बोलत नसत. बार्नी होड्यांच्या, माणसांच्या, माशांच्या त्याच त्याच गोष्टी सांगायचा, आणि त्या दर वेळी थोड्या मोठ्या व्हायच्या. फळी पुरी झाली. एका शेजाऱ्याच्या होडीला ती बसवली. जूनमध्ये बार्नीनं शेडमध्ये जाणं थांबवलं. जुलैत टेस शाळेची रजा घेऊन राहायला आली. पलंग नदीच्या बाजूच्या खोलीत आणला, घरी येणाऱ्या नर्सनं औषधांची पेटी दाखवली, कोणतं कधी, किती, आणि पुढे काय काय होईल तेही दोघांना बसवून सांगितलं. श्वास मध्येच थांबेल. पुन्हा सुरू होईल. घाबरू नका, आम्हाला फोन करा, अँब्युलन्स बोलावू नका, त्यांना यंत्रं लावावी लागतात. बार्नी झोपल्यासारखा पडून होता, पण म्हणाला, "त्याला सांगा. तो बोलावेल." लिंडसेनं नाही बोलावणार अशी शपथ घेतली.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी, दुपारी अडीचच्या सुमाराला, टेस दुकानात गेली होती. बाहेर ऊन होतं, हिवाळ्यातलं, उतरतं, खोलीत लांबवर आलेलं. दोन दिवस बार्नी बोलला नव्हता. लिंडसे खुर्चीत पेपर वाचत होता, आणि श्वास थांबल्याचं त्याला कानांनी नाही, पाठीच्या कण्यानं कळलं. पेपर खाली पडला. श्वास पुन्हा आला, खोल, खरखरीत, आणि पुन्हा थांबला. लिंडसेच्या हातात फोन होता. तो कधी घेतला ते त्याला माहीत नव्हतं. अँब्युलन्सचा नंबर तीन शून्यं, आणि अंगठ्यानं त्यातली दोन दाबलीही होती. तिसरं तेवढं राहिलं होतं. त्या तिसऱ्या शून्यात सगळं होतं: सायरन, पायऱ्यांवरची धावपळ, हिरव्या कपड्यांतली तरुण माणसं, छातीवर हात, आणि नंतर लोकांनी म्हटलेलं, तू सगळं केलंस. काहीतरी करायला हवं, काहीतरी करायलाच हवं, असं त्याच्या आतून कुणीतरी ओरडत होतं, आणि तो आवाज नऊ वर्षांपूर्वीच्या लिंडसेचा होता, पेन हातात दिलं गेलं तेव्हा पलंगाशी बसलेल्याचा. त्यानं आकडे पुसले. फोन खिडकीत ठेवला, हाताला येणार नाही असा. मग पांघरुणाखाली हात घालून त्यानं बार्नीची पावलं धरली. गार होती. तो ती दोन्ही हातांनी धरून बसला, हळूहळू चोळत, पाण्यातून आलेल्या पोराची चोळावीत तशी.

"मी इथेच आहे," तो म्हणाला. "कुणाला बोलावत नाही."

श्वास आला. बराच वेळ गेला. आणखी एक आला, छोटा, ओठांच्या कडेवर. त्यानंतर लिंडसे वाट पाहत राहिला, आणि वाट पाहता पाहता त्याच्या ध्यानात आलं, की आता वाट पाहण्यासारखं काही नाही. खोलीत काही बदललं नाही. बाहेर एक सीगल छपरावर चालत होता. त्याच्या नखांचा आवाज येत होता.

टेस आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिनं दारातूनच पाहिलं आणि पिशवी हळूच खाली ठेवली. लिंडसेनं तिला आधी तेच सांगितलं, गुन्हा कबूल करावा तसं, की मी अँब्युलन्सला फोन केला नाही. ती पलीकडच्या बाजूला बसली, बापाचा हात हातात घेतला. बराच वेळ रडली, आवाज न करता. मग नाक पुसून म्हणाली, "बरं केलंत, अंकल." आणि थोड्या वेळानं, "मी असते तर केला असता." लिंडसे म्हणाला, मीही जवळजवळ केलाच होता.

नर्सला यायला तास लागणार होता. टेसनं चहा टाकला. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिनं बेकरीतून आणलेल्या दोन पाई ठेवल्या होत्या, पिठाच्या पारीत स्कॅलप शिंपल्यांचा करीवाला रस्सा भरलेल्या, कागदात अजून गरम. लिंडसेला त्यांचा वास आला आणि पोटात अशी आग पडली, की त्याला कानकोंडं झाल्यासारखं वाटलं. शेजारच्या खोलीत मित्र नुकताच गेला होता आणि आपल्याला भूक लागलीय, लांडग्यासारखी. त्यानं टेसकडे पाहिलं. तिनं एक पाई त्याच्या पुढ्यात सरकवली. त्यानं ती उभ्या उभ्याच संपवली, रस्सा मनगटावर ओघळत, जीभ भाजत. मग तिनं, नजर खिडकीबाहेर नदीवर ठेवून, आपलीही त्याच्याकडे ढकलली. लिंडसे खुर्ची ओढून बसला, आणि तीही त्यानं सावकाश, चवीनं खाल्ली.